पुढच्या सहा दातांचा खर्च

४ जून

ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघे धरलेत, म्हणून मनातल्या मनात.

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, तू रागावली असशील. रागव. फोन करायला गेलं की आपण दोघंही "बरी आहेस ना", "बरा आहेस ना" एवढं बोलून गप्प होतो आणि मला तुझ्याकडचा पंखा ऐकू येत राहतो. त्यापेक्षा पत्र बरं.

कामाचं बोलतो. सोबत दातांच्या डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा कागद पाठवतोय. त्यात नऊ ओळी आहेत आणि मला फक्त दहावी कळते, ती म्हणजे बेरीज. दवाखान्यात वाचून घडी घातली, घरी येऊन परत उघडून पाहिली, वाटेत थोडी कमी झाली असेल म्हणून. झाली नव्हती.

वरचे पुढचे सहा करायचेत. एक काळा पडलाय, मधले दोन झिजलेत, बाकीचे त्यांच्या संगतीने बिघडलेत. आरशात बघवत नाही. तू सव्वीस वर्षं लॅबमध्ये बसून लोकांचे दात बनवतेस, तेव्हा घरात वैद्य असताना मी दारोदार कशाला विचारू? हे सगळं खरंच लागतं की मला बकरा बनवताहेत, ते सांग.

बाकी ठीक. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून दिवस फार लांब झालेत. रेडिओवरची बाई "शुभ सकाळ" म्हणते तेव्हा हल्ली मी उत्तर देतो. कुणाला सांगू नकोस.

तुझा,
ढब्बू

११ जून

ढब्बू,

आशीर्वाद. चार महिन्यांच्या शिव्या वजा करून जेवढे उरतात तेवढे.

कागद टेबलावरच्या दिव्याखाली धरून वाचला. तुझा डॉक्टर लबाड नाही, हे आधी सांगते. पहिल्या तीन ओळी तपासणी, एक्सरे आणि माप. त्या टळत नाहीत. चौथी त्या काळ्या दाताचं रूट कॅनाल, तेही करावंच लागेल. पाचवी तात्पुरते दात, कारण खरे तयार होईपर्यंत तू बोळकं घेऊन फिरणार नाहीस. सहावी कॅप, गुणिले सहा. बेरीज फुगलीय ती इथे. सातवी हिरडीची सफाई. आठवीत खालचे दात पांढरे करायचे आहेत, म्हणजे वर चुना आणि खाली हळद दिसायला नको. ती ओळ काटून टाक. मी वरचे दातच खालच्यांना शोभतील अशा रंगाचे करीन. नववी नंतरच्या दोन खेपा, ती राहू दे.

कॅप एवढी महाग का, असं सगळे विचारतात. एकेका दाताला पावडरीचा थर ब्रशने लावायचा, भट्टीत भाजायचा, घासायचा, परत लावायचा. पुढच्या एका दाताला माझी अख्खी दुपार जाते. खऱ्या दातात बारीक रेघा असतात, कडेला निळसर झाक असते. ती नसली की माणूस हसला तरी खोटा वाटतो.

कागदावर नसलेल्या दोन गोष्टीही ऐक. कॅप जन्माची नसते, दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते आणि तेव्हा हाच खर्च परत. आणि कॅप बसावी म्हणून खालचा चांगला दात चहूबाजूंनी घासतात. घासलेला दात परत उगवत नाही. खरी किंमत ती आहे, आणि ती कुठल्याच कागदावर लिहीत नाहीत. म्हणून विचारते, काळा एक आहे तर सहा कशाला? त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग बांधलंयस की काय? कोण आहे ती?

असेल तर लाजू नकोस, मला आनंदच होईल. एकट्याने जेवणं काय असतं ते मला विचार. मी तर उभ्यानेच जेवते. एका ताटासाठी बसायचं काय?

एकच सांगते, ते क्लॅरिनेट विकलंस ते फार बरं केलंस. तू क्लॅरिनेट म्हण, मी फुंकणीच म्हणणार. तुझ्या बायकोने दवाखान्यात एकटीने डोळे मिटले आणि तू परगावी लोकांच्या लग्नात फुंकत होतास, हे मी विसरलेली नाही. तू माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिलास की पुन्हा तोंडाला लावणार नाही, आणि ते विकलंस. तिथे मी तो विषय मिटवला. नऊ वर्षं झाली.

डॉक्टरला सांग, माप आमच्याच लॅबकडे पाठव. तुझे दात मी स्वतः करीन, मजुरी घेणार नाही. मालकाला तसं सांगितलंय. सहावी ओळ निम्म्यावर येईल.

ताई

२० जून

डॉक्टरसाहेब,

सकाळी तुमच्यासमोर बोलणार होतो, पण तोंडात तुमची नळी होती. म्हणून ही चिठ्ठी काउंटरवरच्या बाईंकडे ठेवतोय.

कॅप सहाच्या सहा करायच्या. माप सोबतच्या पत्त्यावरच्या लॅबला पाठवा. खालचे दात पांढरे करायचे नाहीत.

आणि एक अतिशय महत्त्वाचं. मी क्लॅरिनेट वाजवतो. चाळीस वर्षं झाली. वाजवताना वरचे दोन दात त्याच्या तोंडावर टेकतात, त्यानेच ते झिजलेत. माझी सगळी पकड त्या झिजलेल्या कडेवर बसलीय. तेव्हा नव्या दातांची लांबी होती तेवढीच ठेवा, केसभरही वाढवू नका. दिसायला थोडे आखूड दिसले तरी चालतील.

बाजारपेठेत नवीन हॉटेल निघतंय, तिथे एक सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी वाजवायचं काम मिळतंय. मॅनेजरने माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, "काका, झकास. पण तुम्ही लोकांच्या समोर बसणार, दात तेवढे करून घ्या." त्याचं काही चुकलं नाही. नऊ वर्षं मी खिडक्या लावून, कपाटाचं दार उघडून, घड्या घातलेल्या कपड्यांत क्लॅरिनेट खुपसून वाजवतोय, म्हणजे शेजारी कळू नये. एकदा माणसांसमोर वाजवायचंय. त्यासाठी हे सगळं.

लॅबला फक्त लांबीचं कळवा. कारण कळवू नका, ती माझी घरगुती अडचण आहे.

आपला पेशंट,
मंगळवार, साडेदहा

२ जुलै

ताई,

माप पाठवलं असं डॉक्टर म्हणाले. दात घासून झाले. तू म्हणालीस ते खरं, जीभ लावून पाहिली तर सहा खुंट्या लागल्या. मला एकदम रडूच आलं. इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवली ते गेल्यावर रडलो. आता तात्पुरते बसवलेत.

तू विचारलंस, कोण आहे ती. समज काय समजायचं ते.

ढब्बू

१३ जुलै

अरे लबाडा,

"समज काय समजायचं ते" म्हणजे आहे! मी ते वाक्य चारदा वाचलं आणि एकटीच हसले. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मावशी, काय झालं?" म्हटलं, माझा भाऊ माणसात येतोय.

दात आज कुरिअरने गेले. आठ दिवस तुझा साचा माझ्यासमोर होता. इथे साचे येतात आणि दात जातात, माणूस कधी दिसत नाही. इतक्या वर्षांत मी केलेला एकही दात मी कुणाच्या तोंडात पाहिलेला नाही. रस्त्यात कुणी छान हसलं की वाटतं, माझे असतील का? विचारणार कसं? म्हणून तुझे दात करताना मला फार बरं वाटलं, की हे कुठे चाललेत ते मला माहीत आहे. भट्टीजवळ बसून मी तुझ्या साच्याशी बोलत होते. तू रेडिओशी बोलतोस, मग मी का नको?

साच्यातले झिजलेले दात मात्र बघवेनात. किती म्हातारा दिसतोस रे! तरुणपणी तू हसलास की हुबेहूब तुझी आई, माझी मावशी, हसायची. माझ्याकडे तिचा फोटो आहे, तो समोर ठेवूनच काम केलं. एक गंमत केलीय. बसवल्यावर आरशात बघ म्हणजे कळेल. आणि तिलाही आवडेल, जी कोण असेल ती.

फोटो पाठव. तोंड उघडून.

ताई

२४ जुलै

ताई,

दात बसले. आरशात पाहिलं तर आई दिसली. डॉक्टर विचारत होते, लांबी ठीक वाटते का, टोचतं का, आणि मी नुसती मान हलवत होतो.

जिना चढताना वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसता. तुझ्या हाताला खरोखर तोड नाही.

फोटो पाठवतो.

ढब्बू

१२ ऑगस्ट

ढब्बू,

फोटो मिळाला. तोंड मिटून काढलायस. मी दात केले होते, मिशा नाही!

काय झालंय? दुखतंय का? चावताना लागतंय? कॅप हलतेय? मला खरं सांग. दातातलं मला कळतं, तिथे माझ्याशी खोटं बोलू नकोस. की तिने काही म्हटलं? तसं असेल तर तेही सांग. दोन रात्री त्या फोटोकडे बघतेय. हसू येत नसलेल्या माणसाचं तोंड मला ओळखता येतं, मी रोज आरशात बघते.

ताई

२३ ऑगस्ट

ताई,

ती कुणी नाही. कधीच नव्हती. तू समजलीस आणि मी समजू दिलं, कारण खरं सांगायची माझी छाती नव्हती.

मी क्लॅरिनेट विकलं नाही. तुझ्या हातावर हात ठेवला त्या संध्याकाळी घरी येऊन ते कपाटात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. मी शब्द मोडला. नऊ वर्षं रोज मोडतोय. दुसरं मी काय करणार होतो? घरात बोलायला कुणी नव्हतं. एका हॉटेलात वाजवायचं काम ठरलं होतं, दात त्यासाठी केले. तुला त्या नऊ ओळींचा अर्थ विचारला तेव्हाच हे सांगायला हवं होतं.

आणि आता वाजत नाही. नवे दात लांब झालेत, तोंड जास्त उघडावं लागतं, खालच्या ओठाची पकड सुटते. सूर लागायच्या आत चिरकतो. जिथे टेकायचं ती झिजलेली जागाच नाही. महिनाभर रोज चार-चार तास बसलो, ओठ आतून सोलून निघाला. परवा हॉटेलात जाऊन मॅनेजरला जमणार नाही म्हणून सांगून आलो. तो म्हणाला, "काका, दात तर मस्त झालेत." दात नव्हते तेव्हा चणे होते, आता दात आहेत, चणे गेले.

मी डॉक्टरला लेखी कळवलं होतं, लांबी होती तेवढीच ठेवा म्हणून. काल तिथे गेलो. बाहेर सात-आठ पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर त्याला वाटेल ते बोललो. तो म्हणाला, मी लॅबच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, आणि बसवताना तुम्हालाही विचारलं होतं. मी म्हटलं, खोटारडा आहेस. आयुष्यात कुणाला एवढं लागेल असं बोललो नव्हतो. तो हातमोजे काढून आत निघून गेला. त्याची चोरी पकडली गेली, दुसरं काय.

तुझ्या कामात काही खोट नाही, हे मुद्दाम लिहितो. तू तुला कळवलं तसं केलंस. शब्द मोडल्याबद्दल काय शिक्षा करायची ती कर, पण पत्र बंद करू नकोस.

ढब्बू

२८ ऑगस्ट

ढब्बू,

डॉक्टर खोटं बोलला नाही.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. त्यावर लाल शाईने लिहिलंय, "वरच्या दातांची लांबी जुनीच ठेवावी." खाली दोन रेघा मारल्यात. कारण दिलेलं नाही. आमच्याकडे चिठ्ठी म्हणजे कायदा. पटलं नाही तर डॉक्टरला फोन करायचा, स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. सव्वीस वर्षांत एकदा चिठ्ठी मोडली, ती तुझ्या दातांना. मनात म्हटलं, झिजलेल्या दातांची लांबी कशाला ठेवायची? डॉक्टरने घाईत काहीतरी लिहिलंय, त्याला काय माहीत हा कसा हसायचा. मला माहीत आहे. मी जवळजवळ दोन मिलिमीटर वाढवले. हीच ती गंमत.

परक्या माणसाचे दात असते तर मी फोन केला असता. तू माझा म्हणून केला नाही. तेव्हा त्या डॉक्टरची माफी माग, आणि माझ्या नावाने माग.

तू शब्द मोडलास म्हणतोस. तो शब्द मी तुझ्याकडून का घेतला ते ऐक. मी नऊ वर्षं हे कुणाला बोललेली नाही. तू त्या लग्नाला जाणार होतास तेव्हा ठरलं होतं की तिच्याजवळ मी येऊन बसेन. आठवतं ना? तुला नंतर सांगितलं की माझी गाडी चुकली. गाडी चुकली नव्हती. एका नवरीचे चार दात अर्जंट आले होते आणि मालक म्हणाला, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. मी तिला फोन केला, उद्या सकाळी येते म्हटलं. सकाळी आले तेव्हा खाटेवरची चादर बदलत होते.

मग तू आलास, हातात त्या फुंकणीची पेटी घेऊन. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. स्वतःवर ओरडता येत नाही म्हणून तुझ्यावर ओरडले. सगळ्यांसमोर म्हटलं, तू फुंकत बसलास आणि ती एकटी गेली. तू एक अक्षर बोलला नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणून मला वाटलं माझंच खरं. तुझा हात ओढून शब्द घेतला. गुन्हा माझा आणि शिक्षा तुला.

दात काढून परत करता येतात. त्या कॅप कापून काढायच्या, खालच्या खुंट्यांना धक्का न लावता, आणि नव्या बसवायच्या. तो सगळा खर्च माझा, डॉक्टरचासुद्धा. हॉटेल मात्र मला परत देता येणार नाही. तुझी नऊ वर्षंही नाही.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

ताई

१९ सप्टेंबर

ढब्बू,

तीन आठवडे झाले. पोस्टमन येतो तेव्हा मी हात पुसत दारापर्यंत जाते आणि वरच्या मजल्याचं वीजबिल घेऊन परत येते.

तू म्हणालास पत्र बंद करू नकोस, म्हणून हे लिहितेय. दुसरं काही लिहायला नाही. आज आठ दाढा केल्या, कुणाच्या ते माहीत नाही.

ताई

२६ सप्टेंबर

ताई,

उशीर झाला, कारण ओठ बरा व्हायची वाट बघत होतो आणि डॉक्टरकडे जायची हिंमत गोळा करत होतो. काल गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो, कारण बोललो होतो ते गर्दीत. माफी मागितली. तुझं नाव घेतलं नाही, चूक आमच्या घरातली आहे एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "काका, बसवताना मीही साच्याशी ताडून बघायला हवं होतं. तुम्ही आरशात एवढे खूश दिसलात की राहून गेलं." भला माणूस आहे. कॅप कापून काढायचे पैसे तो घेणार नाही.

हॉटेलात आता दुसरा कुणी वाजवतो. बाहेर उभं राहून ऐकलं. बरा वाजवतो. थोडा वेळ ऐकून घरी आलो.

नवे दात तूच करायचे. पण या वेळी चिठ्ठीवर नाही. इथे यायचं. डॉक्टर म्हणतो, तात्पुरते दात मेणाएवढे सहज घासता येतात. तू समोर बसायचंस, मी वाजवायचं, चिरकलं की तू थोडं घासायचंस, परत वाजवायचं. सूर लागेपर्यंत. तुला फुंकणी ऐकावी लागेल, नाइलाज आहे. जेवायला बसून जेवायचं, उभ्याने नाही.

आता त्या दिवसाचं. हे मी लिहिणार नव्हतो, पण तू इतकं लिहिलंस तर माझ्याच्याने राहवत नाही.

मला माहीत होतं. तिने त्या संध्याकाळी मला फोन केला होता. म्हणाली, "वन्संचं तिकडे काम निघालंय, त्या उद्या येतील. मला बरं आहे, तुम्ही वाजवून या. आणि हे बघा, त्या आल्या नाहीत म्हणून त्यांना काही बोलू नका हं. त्या मनाला फार लावून घेतात." मी म्हटलं, नाही बोलणार. एवढंच. तिचं माझ्याशी तेच शेवटचं बोलणं.

म्हणून तू ओरडत होतीस तेव्हा मी गप्प होतो. तुझी गाडी चुकली नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं, हात पुढे केला तेव्हाही. तुला दिलेला शब्द तिसऱ्या दिवशी मोडला, पण तिला दिलेला नऊ वर्षं पाळला. आज तोही मोडला. रागावलीच तर ती माझ्यावर रागावेल, तुझ्यावर नाही.

शनिवारच्या गाडीने ये.

ढब्बू